नॉर्डिक देशांचे समाईक स्थलांतरधोरण आणि आश्रयार्थीची भाषा

राज्याची सीमा दोन प्रकारचे कार्य करीत असते. ती आतल्यांना एकत्र राखते आणि बाहेरच्यांना थोपविते. शेजारच्या राष्ट्रांनी परस्परांमधील सीमा मोकळ्या केल्या म्हणजे यांपैकी पहिले कार्य सैल होते. दुसरे मात्र नाहीसे होत नाही, ते समूहाच्या बाहेरच्या कडेवर सरकते इतकेच. मग एका राष्ट्राने कोणाला आत घेतले हा त्या एकट्याचा प्रश्न राहत नाही, कारण आत आलेला मनुष्य दुसऱ्या दिवशी शेजाऱ्याच्या दारात उभा राहू शकतो. समाईक स्थलांतरधोरणाची निकड येथून उत्पन्न होते. युरोपात या दिशेने झालेल्या प्रयत्नांपैकी बराच जुना आणि अभ्यासनीय प्रयत्न म्हणजे उत्तरेकडील डेन्मार्क, स्वीडन, नॉर्वे, फिनलंड व आइसलंड या पाच देशांचा होय. त्याचा इतिहास पाहताना भाषेच्या अभ्यासकाला एका विसंगतीपाशी थांबावे लागते: ज्या देशांनी शेजाऱ्याच्या भाषेला आपल्या कचेऱ्यांत हक्काचे स्थान दिले, त्यांपैकीच एका देशात परक्याची भाषा हा त्याच्याविरुद्धचा पुरावा म्हणून तपासण्याची पद्धती प्रथम उदयास आली.

विवेचनापूर्वी संज्ञांचा उलगडा केला पाहिजे. मराठीत ‘निर्वासित’ हा शब्द १९४७ च्या फाळणीनंतर घरोघरी परिचित झाला; कल्याणजवळच्या छावण्यांत आलेली सिंधी कुटुंबे त्या शब्दाशी निगडित झाली. राहत्या जागेतून बाहेर पडावे लागलेला, एवढाच त्याचा अर्थ. हिंदीत प्रचलित असलेला ‘शरणार्थी’ हा शब्द त्याच मनुष्याकडे दुसऱ्या टोकाने पाहतो. तो कोठून निघाला यापेक्षा तो काय मागतो याला तेथे महत्त्व आहे. आंतरराष्ट्रीय कायद्यातील संज्ञा या दोहोंहून निराळी आहे. १९५१ च्या जिनीव्हा कराराप्रमाणे वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गटाचे सदस्यत्व किंवा राजकीय मत यांपैकी कोणत्याही कारणास्तव छळ होईल अशी साधार भीती असल्यामुळे जो स्वदेशाबाहेर आहे आणि त्या देशाचे संरक्षण घेऊ शकत नाही वा घेऊ इच्छीत नाही, तो निर्वासित. प्रारंभी ही व्याख्या १९५१ पूर्वीच्या घटनांपुरती मर्यादित होती. १९६७ च्या पूरक कराराने ती मर्यादा काढून टाकली. याच कराराच्या ३३ व्या कलमान्वये, ज्या ठिकाणी जीविताला किंवा स्वातंत्र्याला धोका आहे तेथे निर्वासिताला परत धाडता येत नाही. ज्याचा दावा अद्याप निकालात निघालेला नाही, त्याला प्रस्तुत लेखात ‘आश्रयार्थी’ म्हटले आहे. तत्त्वतः सरकारचा निर्णय कोणालाही निर्वासित करीत नाही. तो आधीपासूनच निर्वासित असतो, निर्णयाने ते केवळ जाहीर होते. व्यवहारात मात्र निर्णय होईपर्यंत तो कोणीच नसतो. भारताने या करारावर सही केलेली नसल्यामुळे आपल्याकडे या संज्ञांना वैधानिक अर्थ प्राप्त झालेला नाही, आणि वृत्तपत्रांत त्या एकमेकींच्या जागी सर्रास वापरल्या जातात.

नॉर्डिक सहकार्याचा आरंभ १९५२ मध्ये झाला. त्या वर्षी डेन्मार्क, स्वीडन, नॉर्वे व फिनलंड यांनी एकमेकांच्या नागरिकांना पारपत्राशिवाय प्रवासाची मुभा दिली. १९५४ मध्ये याच चार देशांनी श्रमाचा समाईक बाजार निर्माण केला. एका देशाचा कामगार परवान्यावाचून दुसऱ्या देशात काम करू लागला. तिसरी पायरी १९५७ च्या कराराची. तो १ मे १९५८ पासून अमलात आला आणि त्याने आतल्या सीमांवरील पारपत्रतपासणीच बंद केली. आइसलंड त्यात १९६५ मध्ये सामील झाले. तपासणी आता फक्त समूहाच्या बाह्य सीमेवर करावयाची, आणि ती पाचांपैकी कोणत्याही देशाने सर्वांच्या वतीने करावयाची, हे तत्त्व येथे प्रस्थापित झाले. बेनेलक्स देशांनी असाच करार १९६० मध्ये केला. अटलांटिकपासून बाल्टिकपर्यंतच्या पुढील सर्व व्यवस्थेचे बीज या दोन छोट्या समूहांत आहे.

या मोकळिकीचा प्रत्यक्ष परिणाम लहान नव्हता. युद्धोत्तर दशकांत काही लाख फिन लोक स्वीडनच्या कारखान्यांत कामाला गेले. फिनिश भाषा स्वीडिशच्या कुळातली नव्हे. तिचे नाते एस्टोनियन आणि दूरवरच्या हंगेरियन भाषेशी आहे. त्यामुळे डेन किंवा नॉर्वेजियन माणूस स्वीडनमध्ये आपल्याच भाषेत जसे निभावून नेतो, तसे फिन कामगाराला शक्य नव्हते. १९८७ मध्ये अमलात आलेल्या नॉर्डिक भाषाकराराला ही पार्श्वभूमी आहे. त्या कराराप्रमाणे स्वीडिश, डॅनिश, नॉर्वेजियन, फिनिश आणि आइसलंडिक या भाषा बोलणाऱ्या नॉर्डिक नागरिकाला दुसऱ्या नॉर्डिक देशातील सरकारी कचेरी, रुग्णालय वा न्यायालय यांच्याशी शक्यतोवर स्वभाषेत व्यवहार करता यावा, आणि दुभाष्याचा खर्च त्याच्यावर पडू नये, अशी अपेक्षा आहे. ‘शक्यतोवर’ या शब्दाने कराराची धार बरीच बोथट केली हे खरे. तथापि भाषा हा सोबत नेता येणारा हक्क आहे, ही कल्पना त्यात स्पष्ट दिसते.

उर्वरित युरोपात हाच विचार पुढे निराळ्या मार्गाने आला. १४ जून १९८५ रोजी लक्झेंबर्गमधील शेंगेन या गावी, मोझेल नदीतील एका बोटीवर, फ्रान्स, पश्चिम जर्मनी आणि तीन बेनेलक्स देश यांनी आतल्या सीमा क्रमशः उठविण्याचा करार केला. त्याची तपशीलवार अंमलबजावणी १९९० च्या दुसऱ्या कराराने ठरली आणि ती २६ मार्च १९९५ पासून प्रत्यक्षात आली. १९९० मध्येच डब्लिन येथे आश्रयाच्या अर्जांसंबंधी करार झाला. तो १९९७ मध्ये लागू झाला, २००३ मध्ये त्याचे युरोपीय संघाच्या नियमात रूपांतर झाले आणि २०१३ मध्ये तो नियम नव्याने लिहिला गेला. पाचही नॉर्डिक देश मार्च २००१ मध्ये शेंगेन व्यवस्थेत एकदमच शिरले. वस्तुतः नॉर्वे आणि आइसलंड संघाचे सभासद नाहीत. नॉर्वेजियन मतदारांनी १९७२ व १९९४ असे दोनदा सभासदत्व नाकारले. परंतु त्यांना बाहेर ठेवले असते तर नॉर्वे व स्वीडन यांच्यामधील लांबलचक सीमेवर पुन्हा चौक्या उभाराव्या लागल्या असत्या, आणि तसे कोणालाच नको होते. उलट डेन्मार्क संघाचा सभासद असूनही १९९२ नंतर मिळविलेल्या सवलतीमुळे आश्रयविषयक समाईक कायद्याबाहेर राहिले, आणि डब्लिनच्या व्यवस्थेत २००६ पासून स्वतंत्र कराराने सामील झाले. ‘समाईक’ या विशेषणाचा अर्थ अशा रीतीने प्रत्येक देशागणिक बदलतो.

डब्लिन नियमाचा हेतू एका वाक्यात सांगता येतो: प्रत्येक अर्जाचा विचार कोणत्या तरी एका देशाने करावा, आणि तो एकाच देशाने करावा. तो देश कोणता हे ठरविण्यासाठी कसोट्यांचा क्रम लावला आहे. अर्जदाराचे कुटुंबीय कोठे आहेत हे प्रथम पाहावयाचे. नंतर त्याला प्रवेशपत्र वा निवासपरवाना कोणी दिला. आणि तेही नसल्यास तो परवानगीविना प्रथम कोणत्या देशाच्या सीमेवरून आत आला. कागदावर कुटुंब अग्रभागी असले, तरी या नियमाला त्याचे राजकीय स्वरूप आले ते या शेवटच्या कसोटीमुळे, कारण तिने ग्रीस व इटली यांसारख्या समुद्रकाठच्या देशांवर भार टाकला. ‘प्रथम कोठे’ या प्रश्नाचे उत्तर बोटांचे ठसे देतात. जानेवारी २००३ पासून चालू असलेल्या ‘युरोडॅक’ या संचयात चौदा वर्षांवरील प्रत्येक अर्जदाराचे ठसे ठेवले जाऊ लागले. माल्मो येथे अर्ज करणाऱ्याचे ठसे ग्रीक बेटावर आधीच घेतलेले आढळले तर त्याला परत पाठविण्याची मागणी करता येते. ती मान्य झाल्यावर सर्वसाधारणतः सहा महिन्यांत मनुष्याची रवानगी झाली नाही, तर जबाबदारी मागणी करणाऱ्या देशावरच येऊन पडते. अनेक मागण्या मान्य होतात, रवानगी मात्र थोड्यांचीच होते.

या व्यवस्थेच्या मुळाशी असे गृहीत होते की, सर्व सभासद देशांत आश्रयार्थीला सारखीच वागणूक आणि सारखाच न्याय मिळतो. २१ जानेवारी २०११ रोजी युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने हे गृहीत फेटाळले. बेल्जियमने एका अफगाण आश्रयार्थीला ग्रीसकडे पाठविले होते. तेथील कोठडीची आणि नंतरच्या निराधार अवस्थेची स्थिती अमानुष वागणुकीच्या व्याख्येत बसते, आणि ती माहीत असताना त्याला तेथे धाडणारे बेल्जियमही दोषी आहे, असा निर्णय झाला. शेजाऱ्यावर विश्वास ठेवणे हे कर्तव्य असले तरी तो विश्वास आंधळा असू नये, असाच त्याचा अर्थ.

खरी कसोटी २०१५ मध्ये लागली. त्या वर्षी दहा लाखांहून अधिक लोक भूमध्य समुद्र ओलांडून युरोपात आले. स्वीडनमध्ये सुमारे १,६३,००० अर्ज झाले. लोकसंख्येच्या मानाने हा आकडा फारच मोठा होता. त्याच वर्षी फिनलंडमध्ये सुमारे ३२,०००, नॉर्वेत ३१,००० आणि डेन्मार्कमध्ये २१,००० अर्ज आले. शेजारधर्माची परीक्षा आकड्यांपेक्षा मार्गांत अधिक झाली. सप्टेंबरमध्ये डेन्मार्कमधून स्वीडनकडे पायी निघालेल्या लोकांना डॅनिश पोलिसांनी अखेर वाट मोकळी करून दिली. म्हणजे त्यांचा प्रश्न शेजाऱ्याकडे सरकला. स्वीडनच्या उत्तरेकडून टोर्निओच्या नाक्यावरून हजारो लोक फिनलंडमध्ये शिरले. नॉर्वेच्या अगदी ईशान्य टोकाला, स्टोरस्कोग येथे, रशियातून सुमारे साडेपाच हजार माणसे चक्क सायकलींवरून आली, कारण ती सीमा पायी ओलांडण्यास बंदी होती आणि सायकल हे वाहन ठरत होते. नियमाचा असा अक्षरशः अर्थ लावणे हे केवळ कायदेपंडितांचेच कौशल्य नव्हे, असे दिसते.

कोपनहेगन आणि माल्मो यांना जोडणारा ओरेसुंड पूल जुलै २००० मध्ये खुला झाला, तेव्हा तो नॉर्डिक ऐक्याचे प्रतीक मानला गेला. या सामुद्रधुनीला त्याहून जुनी स्मृती आहे: ऑक्टोबर १९४३ मध्ये जर्मनव्याप्त डेन्मार्कमधील सात हजारांवर ज्यू मासेमारी होड्यांतून याच पाण्यावरून स्वीडनला पोहोचविले गेले होते. १२ नोव्हेंबर २०१५ रोजी स्वीडनने सीमातपासणी पुन्हा सुरू केली, आणि ४ जानेवारी २०१६ पासून ओळखपत्र नसलेल्या प्रवाशाला आगगाडीत घेण्यास मनाई केली. त्याच दिवशी डेन्मार्कने जर्मनीच्या सीमेवर तपासणी चालू केली. साठ वर्षांच्या वहिवाटीनंतर माल्मोत राहून कोपनहेगनात नोकरी करणाऱ्या माणसाला विमानतळाच्या स्थानकावर उतरून ओळख पटवून पुन्हा गाडीत बसावे लागले. ओळखपत्रांची ही सक्ती मे २०१७ मध्ये संपली. परंतु कायद्यांतील बदल टिकले. डेन्मार्कने जानेवारी २०१६ मध्ये आश्रयार्थीजवळील दहा हजार क्रोनरहून अधिक मोलाची मालमत्ता त्याच्या खर्चापोटी ताब्यात घेण्याची तरतूद केली. स्वीडनने त्याच वर्षी जुलैपासून कायम निवासाऐवजी मुदतीचे परवाने देण्यास आरंभ केला आणि २०२१ मध्ये ती पद्धत कायमची झाली. संघाने १,६०,००० लोकांचे सभासदांमध्ये वाटप करण्याचे ठरविले होते; प्रत्यक्षात सुमारे ३५,००० जणांचेच झाले. आपसांतील मोकळिकीसाठी उभारलेल्या व्यवस्थेत प्रत्येक जण शेजाऱ्याहून किंचित कमी आकर्षक दिसण्याची धडपड करू लागला.

आता भाषेच्या प्रश्नाकडे वळावयाचे. ठसे ‘प्रथम कोठे’ हे सांगतात. ‘मूळचा कोठला’ हे सांगत नाहीत. अनेक आश्रयार्थींजवळ कागदपत्रे नसतात. छळ करणाऱ्या सरकारकडे पारपत्र मागण्यास कोण जाईल? अशा वेळी अर्जदाराचा उच्चार ऐकून त्याचा देश ठरवावा, ही कल्पना स्वीडनच्या स्थलांतरखात्यात १९९० नंतरच्या दशकात रुजली, पुढे ते काम खासगी संस्थांकडे गेले, आणि नॉर्वे, डेन्मार्क, फिनलंड, नेदरलंड्स, ब्रिटन अशा अनेक देशांनी त्यांचे अहवाल मागविले. स्वित्झर्लंडने १९९७ मध्ये यासाठी स्वतंत्र सरकारी विभाग स्थापन केला. स्वीडिश पद्धतीत अर्जदाराशी दूरध्वनीवरून अल्पकाळ संभाषण करून ते ध्वनिमुद्रित करतात. ती भाषा मातृभाषा असलेला एक श्रोता ते ऐकून आपले मत देतो, आणि भाषाशास्त्र शिकलेला दुसरा मनुष्य त्याच्या मतावर देखरेख करतो.

असे मत देणे अशक्य नाही, हे प्रथम मान्य केले पाहिजे. फारसीचे उदाहरण मराठी वाचकास सहज पटेल. जुन्या फारसीतील दीर्घ ‘ए’ आणि ‘ओ’ हे स्वर इराणात अनुक्रमे ‘ई’ आणि ‘ऊ’ यांत मिसळून गेले; अफगाणिस्तानातील दरी भाषेने ते राखले. म्हणून काबूलमध्ये सिंहाला ‘शेर’ आणि दुधाला ‘शीर’ म्हणतात, तर तेहरानमध्ये दोहोंचा उच्चार एकच होतो. हिंदुस्थानात फारसी आली ती जुने स्वर घेऊनच. मराठीतील ‘रोज’ आणि ‘दोस्त’ हे शब्द काबूलच्या उच्चाराशी जुळतात. तेहरानकर ‘रूझ’ आणि ‘दूस्त’ म्हणेल. तेव्हा जाणकार श्रोत्याला काही मिनिटांत पुष्कळ काही कळते.

पण काय कळते? बोलणारा कोणाच्या सहवासात वाढला हे कळते; तो कोणत्या राष्ट्राचा नागरिक आहे हे कळत नाही. अफगाणिस्तानातील अनेक हजारा कुटुंबे दीर्घकाळ इराणात राहिली आणि त्यांची मुले तेथेच जन्मली व वाढली. अशा मुलाच्या तोंडी ‘रूझ’ असणे साहजिक आहे. तो अफगाण नागरिकच असतो, इराण त्याला आपला मानीत नाही, आणि परत पाठवावयाचे झाल्यास अफगाणिस्तानातच पाठविले जाईल. त्याचा उच्चार खोटा नाही आणि दावाही खोटा नाही. खोटे आहे ते प्रत्येक देशाला एक भाषा आणि प्रत्येक माणसाला एकच देश हे गृहीत. जून २००४ मध्ये एकोणीस भाषाशास्त्रज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय गटाने सरकारांसाठी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत नेमका हाच भेद मांडला आहे. राष्ट्रीयत्व हे राजकीय लक्षण आहे, भाषेशी त्याचा अनिवार्य संबंध नाही. विश्लेषकाने अर्जदाराच्या सामाजिक जडणघडणीविषयी आणि तेही निश्चयाच्या पायऱ्या सांगून मत द्यावे. पात्र भाषाशास्त्रज्ञांनीच हे काम करावे. आणि मुलाखतीतील विषम नाते विसरू नये. अधिकाऱ्यापुढे बसलेला मनुष्य आपली घरगुती बोली सोडून ‘शुद्ध’ भाषा बोलू पाहतो, किंवा दुभाष्याच्या बोलीकडे झुकतो, हे क्षेत्रीय पाहणी केलेल्या कोणत्याही विद्यार्थ्याला ठाऊक आहे.

सोमालियाच्या दक्षिण किनाऱ्यावरील व बेटांवरील बाजुनी लोकांचे उदाहरण याहून कठीण आहे. त्यांची बोली स्वाहिलीच्या गटातली; ती उत्तर केनियाच्या किनाऱ्यावरही बोलली जाते. १९९१ मध्ये सोमालियातील राज्ययंत्रणा कोसळल्यावर यांपैकी बरेच जण केनियात पळाले. छावण्यांत वाढलेल्या मुलांच्या बोलीवर केनियाच्या स्वाहिलीचा थर चढला. श्रोत्याने ‘केनिया’ असा निष्कर्ष काढला तर ध्वनींच्या दृष्टीने तो चूक म्हणता येणार नाही, परंतु त्या एका शब्दाने मनुष्याचा दावा कोसळू शकतो. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयापुढे २०१४ मध्ये सोमाली असल्याचा दावा करणाऱ्या दोघांची प्रकरणे आली. स्वीडनमधील एका संस्थेच्या अहवालांनी त्यांना केनियाचे ठरविले होते. न्यायालयाने असे अहवाल किंवा विश्लेषकाचे नाव गुप्त ठेवणे सरसकट नाकारले नाही. तथापि विश्लेषकांनी भाषेपलीकडे जाऊन अर्जदाराच्या देशविषयक ज्ञानावर शेरे मारणे अनुचित ठरविले, आणि एखाद्या अहवालाला निर्णायक वजन देण्याचा साचेबंद नियमही अमान्य केला. बेल्जियन भाषाशास्त्रज्ञ यान ब्लोमार्ट यांनी २००९ मध्ये एका रवांडन तरुणाच्या प्रकरणाची चिकित्सा केली होती. तो किन्यारवांडा अस्खलित बोलत नव्हता, रुन्यांकोले बोलत होता. म्हणून ब्रिटिश अधिकाऱ्यांनी त्याला युगांडाचा ठरविले. ब्लोमार्ट यांनी त्याचे भटके बालपण त्याच्या भाषांशी ताडून पाहिले, आणि त्या भाषांतून एक राष्ट्र नव्हे तर एक आयुष्य वाचता येते असे दाखवून दिले.

मातृभाषिक श्रोता अधिक भरवशाचा की शिकलेला भाषाशास्त्रज्ञ, हा वाद अजून मिटलेला नाही. भाषाशास्त्रज्ञाने येथे सौम्य व्हावे हे बरे. मातृभाषिकाचा कान सूक्ष्म असतो, आणि काही बोलींचे वर्णनच झालेले नसल्यामुळे शास्त्रज्ञाकडे दुसरे साधन नसते. पण मातृभाषिकाला आपल्या गावाच्या पलीकडची बोली बऱ्याचदा ‘चुकीची’ वाटते, आणि शेजारच्या जमातीविषयीचे पूर्वग्रहही त्याच कानात असतात. २०१७ पासून जर्मनीने अरबी बोली ओळखणारे यंत्रही वापरात आणले. यंत्राला पूर्वग्रह नसतो असे म्हणणाऱ्यांनी, त्याला शिकविलेले नमुने कोणी व कोठून निवडले हे विचारले पाहिजे.

या प्रश्नाचे महत्त्व पुढे कमी होण्याची चिन्हे नाहीत. युरोपीय संसदेने एप्रिल २०२४ मध्ये आणि मंत्रिपरिषदेने मे २०२४ मध्ये स्थलांतर व आश्रय यांसंबंधीचे नवे नियम संमत केले. ते लागू करण्यासाठी जून २०२६ ही मुदत ठरविण्यात आली. डब्लिन नियमाची जागा घेणाऱ्या नियमात प्रथम प्रवेशाच्या देशाची कसोटी राहिली, परंतु इतर देशांनी माणसे स्वीकारावीत, अथवा न स्वीकारलेल्या प्रत्येक माणसामागे वीस हजार युरो द्यावेत, किंवा अन्य मदत करावी, अशी सोय आहे. ठसे घेण्याचे किमान वय चौदावरून सहावर आले. याहून महत्त्वाची तरतूद अशी की, ज्या देशाच्या नागरिकांचे अर्ज संघभर वीस टक्के किंवा त्याहून कमी प्रमाणात मान्य होतात, त्या देशाच्या अर्जदाराचा विचार सीमेवरच, बारा आठवड्यांच्या आत, संक्षिप्त पद्धतीने करावयाचा. म्हणजे मनुष्य काय सांगतो हे ऐकण्यापूर्वी तो कोठला आहे हे ठरले पाहिजे. आणि ज्याच्याजवळ कागद नाही, त्याच्या बाबतीत ते ठरविण्यासाठी अधिकाऱ्यापाशी पहिल्या दिवशी फार थोडी साधने असतात. दूरध्वनीवरील ते छोटेसे संभाषण हे त्यांपैकी एक आहे.